'द ग्रेट रीसेट': कळ कुणाच्या हातात?

आजचा विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. 'ग्रेट रीसेट म्हणजे जग ताब्यात घेण्याचा कट आहे का?' हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की आता तो टाळणं बरं नव्हे. या प्रश्नाची दोन तयार उत्तरं सगळीकडे मिळतात. एक म्हणतं, 'हो, मूठभर लोकांनी सगळं ठरवून ठेवलं आहे.' दुसरं म्हणतं, 'छे, हा सगळा खुळचटपणा आहे, सोडून द्या.' आज आपण दोन्ही तपासू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कटाची गोष्ट खोटी आहे, पण तिच्यामागची अस्वस्थता खोटी नाही. आणि या गोष्टीचं खरं नुकसान असं की ती त्या अस्वस्थतेला चुकीच्या पत्त्यावर पाठवते.

आधी मूळ मजकूर पाहू. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम ही क्लाऊस श्वाब यांनी १९७१ साली स्थापन केलेली स्वित्झर्लंडमधली संस्था. दावोसला दर जानेवारीत जी मोठी बैठक भरते, ती हिचीच. जून २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, या संस्थेनं 'ग्रेट रीसेट' नावाचा उपक्रम जाहीर केला. तेव्हाचे ब्रिटनचे युवराज चार्ल्स त्यात सहभागी होते. लगेच जुलैमध्ये श्वाब आणि थिएरी मालरे यांचं 'कोविड-१९: द ग्रेट रीसेट' हे पुस्तक आलं. म्हणजे गुप्त असं काही नाही. कट करणारे सहसा आपल्या कटाचं पुस्तक काढून विकत नाहीत.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: जगाची व्यवस्था, उद्योगधंदे आणि व्यक्ती. वाचायला बसलं की पहिली जाणीव होते ती कंटाळ्याची. अर्थकारण, हवामान, तंत्रज्ञान, राजकारण, सगळ्यांवर थोडं थोडं, एखाद्या सल्लागार कंपनीच्या अहवालासारखं. गंमत म्हणजे डिजिटल पाळतीचा धोका त्यात स्वतंत्रपणे मांडलेला आहे. टीकाकार नेमकी तीच पानं काढून म्हणतात, 'बघा, कबुलीजबाब!' धोक्याची सूचना आणि गुन्ह्याची कबुली यांतला फरक न कळणं ही वाचनाची चूक आहे.

पण म्हणून पुस्तक निर्दोष ठरत नाही, बरं का. त्यातला खरा दोष तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा आहे. डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात दाखवून दिलं होतं की लेखक 'असं आहे' म्हणता म्हणता हळूच 'असं असावं' यावर उडी मारतात, आणि ती उडी वाचकाच्या लक्षातही येत नाही. इथे तसंच होतं. 'घरून काम वाढेल, व्यवहार डिजिटल होतील, सरकारं मोठी होतील' हे भाकीत. 'ही संधी आहे, ती घ्यायला हवी' हा आग्रह. दोन्ही एकाच दमात येतात. भाकिताला कुणी विरोध करत नाही, कारण पाऊस येणार म्हटल्यावर पावसाशी काय भांडायचं? मग आग्रहही भाकिताच्या छत्रीखाली कोरडा राहतो.

आणि तो शब्द पाहा: 'रीसेट'. यंत्र अडकलं की आपण कळ दाबतो आणि ते पुन्हा सुरू होतं. यंत्राला विचारावं लागत नाही. पण समाज हे यंत्र नाही, आणि समाजाची कळ दाबायला समाजाबाहेर कुणी उभा असू शकत नाही. जो दाबेल तो आपल्यातलाच एक असणार, त्याचे स्वतःचे हितसंबंध असणार. त्या रूपकात हे सगळं झाकलं जातं.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. 'तुमच्या मालकीचं काहीही नसेल आणि तुम्ही सुखी असाल' हे वाक्य कटाचा पुरावा म्हणून जगभर फिरलं. त्याचा उगम काय? २०१६ साली डेन्मार्कच्या राजकारणी इडा आउकेन यांनी २०३० मधल्या एका शहराचं कल्पनाचित्र लिहिलं. तिथे सगळं भाड्यानं मिळतं, कुणाच्या मालकीचं काही नाही, आणि खासगीपणही नाही. त्याच लेखात त्या शहराबाहेर राहिलेल्या लोकांची चिंताही आहे. हे आपलं स्वप्न नसून चर्चेसाठी मांडलेलं चित्र आहे, असा खुलासा त्यांनी पुढे केला. फोरमनं मात्र त्याची एक ओळ करून आनंदी चेहऱ्यासह चित्रफितीत टाकली. लेखातली शंका गळाली आणि घोषणा उरली. फोरमच्या प्रचारकांनी जे केलं, तेच त्यांच्या विरोधकांनीही केलं.

कार्ल पॉपरनं 'ओपन सोसायटी' या १९४५ च्या ग्रंथात या विचारपद्धतीची चिकित्सा केली आहे. त्याचा मुद्दा साधा आहे. कट होतच नाहीत असं नाही, होतात. पण ते ठरल्याप्रमाणे क्वचितच पार पडतात, कारण समाजात प्रत्येक कृतीचे न योजलेले परिणाम होत राहतात. पूर्वी माणसं युद्ध आणि रोगराई यांचं कर्तेपण देवांना देत. देव गेले तरी ती जागा रिकामी राहिली नाही, तिथे बलाढ्य माणसांची टोळी येऊन बसली.

म्हणजे पाहा, दावोसचा भक्त आणि दावोसचा शत्रू यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: जग चालवणारे लोक तिथे जमतात. एकाला त्याचा अभिमान वाटतो, दुसऱ्याला भीती. दोघांच्याही गोष्टीत तुम्ही-आम्ही नाही. एकात आपण लाभार्थी, दुसऱ्यात बळी. नागरिक कुठेच नाही.

मग अस्वस्थतेचा खरा पत्ता कोणता? तो आहे 'स्टेकहोल्डर' या शब्दात. आपण त्याला हितधारक म्हणू. १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलं की कंपनीची जबाबदारी नफा कमावण्याची, बाकी काही नाही. श्वाब यांचं म्हणणं याच्या उलट: कंपनीनं कामगार, ग्राहक, समाज अशा सगळ्या हितधारकांची सेवा करावी. १९७३ च्या दावोस जाहीरनाम्यात हे आहे. ऐकायला उत्तमच. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी तशी सही केली. पुढे दोन कायदेतज्ज्ञांनी या कंपन्यांकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की सहीपूर्वी संचालक मंडळाची मंजुरी घेतलीच नव्हती. सही खरी, पण तिनं बांधलं कुणालाच नाही.

कंपनीपुरतं हे ठीक. पण २०१० साली फोरमनं सुमारे ६०० पानांचा अहवाल काढून हीच कल्पना जगाच्या कारभाराला लावली. जागतिक प्रश्न फक्त सरकारांनी सोडवायचे नाहीत. सरकारं, कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि तज्ज्ञ यांनी एका टेबलावर बसून सोडवायचे. जून २०१९ मध्ये फोरमनं संयुक्त राष्ट्रांशी भागीदारीचा करार केला, आणि अनेक नागरी संघटनांनी त्याला जाहीर विरोध केला. का? कारण निवडणुकीत एका माणसाला एक मत असतं. हितधारकांच्या टेबलावर खुर्ची कुणाला, हे आमंत्रण देणारा ठरवतो. आणि निर्णय फसला तर जाब कुणाला विचारायचा, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

उदाहरण घेऊ. लसींसाठी काम करणारी गावी ही संस्था २००० साली दावोसलाच जाहीर झाली, आणि साथींच्या तयारीसाठीची सेपी २०१७ साली तिथेच. गावीमुळे गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलांना लस मिळाली, हे मान्य केलंच पाहिजे. याच दोघींनी जागतिक आरोग्य संघटनेसह २०२० मध्ये कोव्हॅक्स उभं केलं. उद्दिष्ट होतं २०२१ अखेर २०० कोटी डोस. फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिले ६ लाख डोस घानाला पोचले, ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेले. पण श्रीमंत देशांनी आधीच कंपन्यांशी थेट करार करून माल राखून ठेवला होता. पुढे भारतात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. १०० कोटींचा टप्पा गाठायला जानेवारी २०२२ उजाडलं. जग मुठीत असलेल्या टोळीला लशीच्या कुप्यासुद्धा वेळेवर पोचवता येऊ नयेत? कटाची गोष्ट इथेच कोसळते. पण दुसरा प्रश्न उभाच राहतो: घानातल्या नागरिकानं या उशिराचा जाब कुणाला विचारायचा? गावीला, सेपीला, कंपनीला, की देणगीदार देशाला? जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला आली नाही.

याच काळात दुसऱ्या टेबलावर काय चाललं होतं? ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की कोविडच्या लसी-औषधांपुरते बौद्धिक संपदेचे नियम शिथिल करा. जून २०२२ मध्ये निर्णय झाला, तोही तोकडा, लसींपुरता. म्हणजे सरकारांचं टेबलही काही आदर्श नव्हे. पण तिथे कुणी विरोध केला याची नोंद आहे. युरोपीय संघानं अडवलं, ब्रिटननं अडवलं, हे जगाला माहीत आहे, आणि तिथल्या मतदाराला आपल्या सरकारला त्याबद्दल विचारता येतं.

पत्ता असला की काय होतं, हे नेदरलँड्समध्येही दिसलं. तिथल्या शेतकऱ्यांचं २०२२ चं ट्रॅक्टर आंदोलन म्हणजे दावोसविरुद्धचा उठाव, असं जगभर सांगितलं गेलं. वस्तुस्थिती अशी की मे २०१९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनविषयीचं सरकारी धोरण युरोपच्या निसर्गसंरक्षण नियमांत बसत नाही म्हणून रद्द केलं, आणि सरकारला नवे निर्बंध आणावे लागले. निकाल, सरकार, कायदा, सगळं डोळ्यांसमोर होतं. म्हणून मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या पक्षाला मोठा विजय मिळवता आला. त्यांची बाजू बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण मतपेटीतून सरकारला हरवता येतं. दावोसला नाही, कारण दावोस उमेदवारच नसतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. 'हवामान, साथी, कृत्रिम बुद्धिमत्ता हे प्रश्न देशांच्या सीमा मानत नाहीत. सरकारं पाच वर्षांपलीकडे पाहत नाहीत. मग कुणीतरी एकत्र बसायला नको का?' बसायला हवंच. आमचा आक्षेप बसण्याला नाही, बोलण्याला तर मुळीच नाही. सल्ला देणारं टेबल आणि ठरवणारं टेबल यांतली रेघ पुसली जाते, त्याला आहे. सल्ला कुणीही द्यावा. पण निर्णय घेणारा असा हवा की ज्याला हटवता येईल.

म्हणून अशी कुठलीही योजना समोर आली की चार प्रश्न विचारावेत. टेबलावर कुणाला, कुणी बोलावलं? यात भाकीत किती आणि आग्रह किती? चुकलं तर किंमत कोण मोजणार? आणि 'नको' म्हणायची सोय कुठे आहे? हे प्रश्न दावोसला विचारायचे, तसेच दावोसच्या नावानं ओरडणाऱ्यांनाही. त्यांच्याकडेही या चारांची उत्तरं नसतात.

आपल्यापुरतं सांगायचं तर महाराष्ट्राचं शिष्टमंडळही दर जानेवारीत दावोसला जातं. २०२५ मध्ये तिथून १५ लाख कोटींहून अधिक रकमेच्या सामंजस्य करारांचे आकडे आले. सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक नव्हे, इच्छा. त्यातलं किती प्रत्यक्षात उतरलं, जमीन कुणाची गेली, पाणी कुठून आलं, रोजगार किती जणांना मिळाला, हे विचारायला आल्प्सपर्यंत जायची गरज नाही. त्यासाठी विधानसभा आहे, माहितीचा अधिकार आहे, स्थानिक आमदार आहे. हे पत्ते आपल्याला ठाऊक आहेत. कळ कुणाच्या हातात आहे याची भीती घालणारा निरोप पुढे पाठवायला एक क्षण लागतो, आणि त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही. लेखी प्रश्न विचारला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.