तळ्याचे ‘सुशोभीकरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

वस्तीतील तळ्यासंबंधी नगरपालिका जी कामे हाती घेतात, त्यांचे निविदांतील व वृत्तपत्रांतील नाव बहुधा एकच असते : सुशोभीकरण. शब्द निर्दोष दिसतो. परंतु त्याच्या घडणीतच कामाची दिशा ठरून जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही घडण च्विप्रत्ययाची होय. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, म्हणजे वैयाकरणांचा ‘अभूततद्भाव’, हा तिचा अर्थ. येथे कर्म आहे तळे, आणि उणीव मानली आहे ती शोभेची. साहजिकच उपायही काठावरचे : फरशी, कठडा, दिवे, कारंजे. पाणी कोठून व काय घेऊन येते, हा प्रश्न संज्ञेच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः तळ्याचे दुखणे काठावर नसून पाणलोटात असते. पहिल्या पावसाबरोबर रस्त्यांवरील तेल, धूळ, जनावरांची विष्ठा व बागांतील खत वाहून येते. त्यातील नत्र व स्फुरद ह्यांवर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे मरतात.

ह्या पाण्यास आपल्या व्यवहारात स्वतंत्र नाव नाही, ही गोष्ट अधिक गंभीर होय. ‘सांडपाणी’ दूषित, हे सर्वांस मान्य आहे. रस्ता धुऊन आलेले पाणी मात्र ‘पावसाचे पाणी’च, आणि पावसाचे म्हणजे शुद्ध, हा आपला संस्कार. ‘पावसाळी गटार’ ही संज्ञा मार्ग सांगते, द्रव्य सांगत नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यास घरोघरी ‘धुवण’ म्हणतात. ‘रस्त्यांचे धुवण’ असे म्हटले, तर ते तळ्यात थेट सोडावे काय, हे निराळे विचारावे लागणार नाही.

योग्य क्रियापदही भाषेत आहेच : निवळणे. ते अकर्मक आहे. पाणी आपण होऊन निवळते. त्यास अवधी व स्थैर्य तेवढे द्यावे लागते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तळी बांधली गेली, तेव्हा वरच्या तळ्यात गाळ बसावा व निवळ पाणी खालच्या तळ्यातून नळाने पुण्यात यावे, अशी योजना होती. आजचा अभियंता तळ्याच्या मुखाशी गाळकुंड व पुढे पाणवनस्पतींचा पट्टा सुचवितो, त्यामागे हाच न्याय आहे. मात्र विरघळलेले स्फुरद केवळ स्थैर्याने जात नाही. त्यासाठी तो पट्टा हवा, त्याची वेळोवेळी कापणी हवी, आणि कुंडातील गाळ उपसला पाहिजे.

शोभेमुळे लोक तळ्याकाठी येतात व त्यांची आस्था वाढते, असा आक्षेप संभवतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु काठ दगडी बांधून काढला की तेथील लव्हाळे व पाणकणीस नाहीसे होतात, म्हणजे शोभेपायी गाळणीच जाते.

संज्ञा बदलल्याने पाणी शुद्ध होत नाही, हे खरे. तथापि निविदेचा मथळा खर्चाचे रकाने ठरवितो. ‘सुशोभीकरणा’त गाळ उपसण्याचा रकाना नसतो, ‘पाणी निवळू देण्या’च्या योजनेत तो पहिला असेल.