तूट कोण भरतो?

मराठी वृत्तपत्रांच्या मालकीची चर्चा बहुधा आडनावांवर येऊन थांबते. ‘सकाळ’ पवारांचा, ‘लोकमत’ दर्डांचा, ‘पुढारी’ जाधवांचा, ‘सामना’ ठाकऱ्यांचा. एवढे सांगितले की अंकात काय येणार आणि काय गाळले जाणार हेही सांगून झाले, असे आपण धरून चालतो. राल्फ मिलिबँड यांनी १९६९ मध्ये भांडवली राज्यसंस्थेविषयी जे मांडले त्याचीच ही गल्लीतली आवृत्ती: मालक, मंत्री आणि बडे अधिकारी एकाच थरातून येतात, म्हणून माध्यमे त्या थराचे हित पाहतात. मंत्रिपदे आणि खासदारक्या भूषवलेल्या कुटुंबांकडे दैनिके असलेल्या राज्यात या मांडणीला पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही तिच्याने एक साधी गोष्ट उलगडत नाही. परस्परविरोधी पक्षांशी नाते असलेली दैनिके शेजारी ठेवली, तर अग्रलेख आणि राजकीय बातम्या सोडून उरलेला अंक इतका सारखा का असतो? गृहप्रकल्पांच्या पुरवण्या सगळीकडेच भरगच्च आणि कंत्राटी कामगार सगळीकडेच आतल्या पानात, हे कसे? माझे म्हणणे असे की, अंकाचा खर्च आणि वाचकाने मोजलेली किंमत यांतली तूट जो भरतो, त्याच्याकडे माध्यमाची खरी सूत्रे असतात. आडनाव त्यानंतर येते.

यावर पहिला आक्षेप संपादकांच्या बाजूने येईल, आणि तो हलका नाही. गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. हे पत्र उद्योगपतींच्या मालकीच्या टाइम्स समूहाचे, पण त्यांचे अग्रलेख मालकाने सांगून लिहवून घेतले असे त्यांचे विरोधकही म्हणत नसत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रॅहम मर्डॉक यांनी १९८२ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो. भांडवल कुठे घालायचे, कोणती आवृत्ती काढायची वा बंद करायची, कोणता वाचकवर्ग गाठायचा, हे ठरवण्याची सत्ता एक. आणि त्या चौकटीत रोजचा अंक काढण्याची सत्ता दुसरी. तळवलकरांकडे दुसरी सत्ता होती आणि ती त्यांनी ऐटीत वापरली. पहिली त्यांच्याकडे कधीच नव्हती. म्हणून थोर संपादकांची परंपरा हा मालकीच्या नियंत्रणाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. चौकट किती सैल असू शकते एवढेच ती दाखवते. समूहांनी नंतर ती आवळली, तेव्हा हरकत घ्यायला कोणता आधारच उरला नव्हता.

ही चौकट न्यायालयाच्या निकालात उघडपणे दिसते, आणि तो खटला मराठी दैनिकाचाच आहे. बड्या पत्रांनी कमी किमतीत जास्त पाने देऊन छोट्यांना बुडवू नये, म्हणून पहिल्या प्रेस कमिशनच्या शिफारशीनंतर १९५६ मध्ये किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला. ना. भि. परुळेकरांच्या ‘सकाळ’ला १९६० च्या आदेशाचा फटका बसणार होता: ७ नव्या पैशांत सहा दिवसांत मिळून ३४ पाने देणाऱ्या पत्राला त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. जाहिरातीची जागा आटली की किंमत वाढेल, किंमत वाढली की खप घटेल आणि खप घटला की अभिव्यक्तीवरच घाला पडेल, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. तर्क बिनतोड आहे, आणि त्यातच सगळी गोम आहे. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य जाहिरातीवर टेकलेले आहे, हे त्याने घटनेच्या भाषेत मान्य केले. सरकारच्या हातात पानांची मोजपट्टी देणे धोक्याचे होते, याबद्दल मला शंका नाही. पण छोट्या पत्रांचे काय, हा कायद्याने विचारलेला प्रश्न कायद्याबरोबरच निकालात निघाला. परुळेकर १९७३ मध्ये गेले आणि १९८५ मध्ये संस्था पवार कुटुंबाकडे आली. आडनावांच्या चर्चेला तेवढेच लक्षात राहिले.

बहुविधतावादी म्हणतील, वाचकच राजा आहे. नको ते छापले तर तो दुसरे पत्र घेईल. जॉन व्हेल यांनी १९७७ मध्ये ब्रिटिश पत्रांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. पण कागदाच्या खर्चाइतकेही पैसे न मोजणारा राजा कसला? जाहिरातदाराला विकायचा माल म्हणजे तो स्वतःच. जिल्हा आवृत्तीत हे सर्वात स्पष्ट दिसते. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरते आणि जाहिरातीचे लक्ष्य मात्र पक्के. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानेच भरायची आणि त्याच नेत्याच्या कारखान्यावर बातमीही त्यानेच करायची. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत हे दुकान थेट उघडे पडले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवले. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला आणि निवडणूक आयोगाची नोटीस २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, हे नोंदवले पाहिजे. माझा मुद्दा उमेदवाराचा नाहीच. मालक वेगवेगळे असूनही मजकूर एकच निघू शकतो, हा आहे. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अशा ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने आधी त्याचा संक्षेपच पुढे केला आणि पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला.

तुटीचा हा हिशेब एका ठिकाणी मात्र कमी पडतो, आणि तिथे थांबायला हवे. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाले. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. पण त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे आंबेडकरांनी नोंदवले आहे. पैसा टेबलावर असताना दार बंद राहिले. म्हणजे तूट कोणी भरायची याचीही पूर्वअट होती, आणि ती जात होती. पुढे मालकी ब्राह्मणेतर आणि व्यापारी घराण्यांकडे गेली, तरी भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांचा अभ्यास करताना रॉबिन जेफ्री यांना दलित पत्रकार जवळजवळ भेटलेच नाहीत. इंग्रजी-हिंदी माध्यमांच्या २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री पाहणीत १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीच्या अर्थाने वर्चस्व ते हेच: कोणी हुकूम सोडत नाही, तरी बातमी कशाला म्हणायचे यावर टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे आधीच एकमत असते.

वाहिन्यांत तूट भरणारा आणखी मोठा झाला, एवढेच. २०१४ मध्ये नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेले आणि त्यातली मराठी वृत्तवाहिनीतली भागीदारीही. २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानींकडे, आणि २०२४ मध्ये तिची मराठी वाहिनी सुरू झाली. ज्यांच्यावर बातम्या व्हायच्या तेच मालक झाले. यूट्यूबवर प्रत्येक जण संपादक झाला हा दिलासा तोकडा आहे, कारण तिथला जाहिरातीचा वाटा आणि दिसण्याचा क्रम दोन्ही एकाच कंपनीच्या हातात असतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये राजकीय पक्षांना प्रसारणापासून दूर ठेवण्याची आणि उद्योगसमूहांवर निर्बंध घालण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. ती लागू झाली असती तरी तिची पट्टी भागभांडवल मोजण्याचीच होती. वृत्तपत्रे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर ‘नमुना ४’ छापत आली आहेत, त्यातही मालकाचे नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असणारे भागधारक असतात. वर्षभरात सरकारने किती रुपयांच्या जाहिराती दिल्या, सर्वात मोठे दहा जाहिरातदार कोण आणि पुरवण्यांचे पैसे कोणाकडून आले, यासाठी त्या नमुन्यात एकही रकाना नाही.