मोजता येणारा टाका

हान्स होल्बाइनने १५३६-३७ च्या सुमारास रंगवलेले इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचे व्यक्तिचित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिच्या बाहीच्या टोकाशी पांढऱ्या कापडावर काळ्या रेशमाची नक्षी आहे. ती इतकी नेमकी उतरली आहे, की आजही भरतकाम करणारे तिच्यावरून टाके मोजून नमुना पुन्हा काढतात. त्या टाक्याला नावही चित्रकाराचेच मिळाले.

हाच टाका कसुतीत ‘गवंती’ म्हणून नांदतो. एक घर सोडून एक असा धावदोरा पुढे न्यायचा, परतताना मोकळी घरे भरायची. गाठ नाही, कापडावर छापा नाही. सगळा हिशोब धाग्यांच्या मोजणीत. उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या. धारवाडकडच्या या कामाची कोल्हापूरला इरकली लुगड्यांमुळे जुनी ओळख आहे.

मग आपल्या जुन्या चित्रांवरून कसुतीचे नमुने परत मिळतील काय? मला तसे वाटत नाही. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांइतके बायकांच्या पेहरावाकडे बारकाईने पाहणारा चित्रकार विरळा. ओटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकातली त्यांची चित्रे पाहावीत. नेसण, पदर, काठाचा रंग यांवरून बाई कुठली हे कळते. पण जे. जे. स्कूलमध्ये घडलेली ती नजर निरीवर पडलेला उजेड टिपते. धागा रंगात विरघळतो. होल्बाइन रेषेचा माणूस होता. हा दोष नव्हे, रीत वेगळी.

रविवर्म्याचे तर उलटेच झाले. २००८ मध्ये चेन्नईच्या एका पेढीने त्याची चित्रेच साडीवर विणली. किंमत सुमारे ४० लाख! चित्रातले लुगडे मात्र चित्रातच राहिले.

म्हणून ‘जुन्या चित्रातली नक्षी’ असे सांगून कसुती विकली जाते तेव्हा खटकते. मोजणाऱ्या बाईचे श्रेय रंगवणाऱ्या पुरुषाकडे जाते. शोध घ्यायचा तर तो ट्रंकेत, आणि त्याहून अधिक गोधडीत घ्यावा. जीर्ण लुगड्यांचा शेवट तिथेच होतो. संग्रहालयांनीही कसुतीचा पदर चौकटीत डकवू नये, दोन्ही बाजू दिसतील असा टांगावा. तुळशीवृंदावनाची पायरी किती घरांची, दोरा कुठून वळला, हे मग बोट ठेवून मोजता येईल.