आर्या आंबेकर : लाडकी मुलगी आणि गायिका

दूरचित्रवाणीनें घराघरांत पोंचविलेलें मूल मोठें होऊं लागलें म्हणजे प्रेक्षकास तो जणूं आपला विश्वासघात वाटतो. आर्या आंबेकर यांच्या गाण्याचा विचार करतांना हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण त्यांच्या वाटेंत कांहीं आडवें आलें असेल तर तें लोकांचें प्रेमच.

२००८ सालीं ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ सुरू झालें तेव्हां आर्या चौदा वर्षांची होती. आमच्या तीर्थपुरीसही त्या दिवसांत रात्रीचीं जेवणें कार्यक्रमाच्या वेळेकडे पाहून उरकलीं जात. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत व आर्या या पांच मुलांस लोक ‘पंचरत्न’ म्हणूं लागले. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक गुण देत तेही स्वरांच्या नांवानें. ‘नी’ मिळाला कीं घरांत टाळ्या पडत. २००९ च्या फेब्रुवारींत विजेतेपद कार्तिकीस मिळालें. आर्येच्या वांट्यास ‘प्रिटी यंग गर्ल’ हें लाडकें नांव आलें. नांव प्रेमाचेंच, पण त्यांत गळ्याविषयीं एक अक्षर नाहीं, हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. आमच्याही नाहीं.

वस्तुतः तिच्या गाण्यास तालीम होती. आई श्रुती आंबेकर या जयपूर घराण्याच्या गायिका, आणि त्याच तिच्या गुरु. परंतु स्पर्धेंत गावयाचें तें दुसऱ्याचें गाणें. मूळ गायिकेची आठवण जितकी हुबेहूब जागी होईल तितकी टाळी मोठी. ही विद्या लहानपणीं फार उपयोगी पडते, आणि पुढें तीच गळ्यांत अडकते. आमच्या जवळच अंबडला दत्तजयंतीच्या उत्सवांत गवई गातात. तेथें गुण नाहींत, मतें नाहींत; श्रोता मांडी घालून बसून राहतो, नाहीं तर उठून जातो. त्याच्यापुढें गोजिरेपणाचें प्रशस्तिपत्र कोण वाचणार?

२०१७ सालीं सतीश राजवाडे यांच्या ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटांत तरुण नायिकेची भूमिका आर्याबाईंनीं केली व गाणींही म्हटलीं. त्यांतील ‘कितीदा नव्याने’ सर्वतोमुखीं झालें. आवाज स्वच्छ, शब्द स्पष्ट. दोष काढण्यास जागा नाहीं. तरी आमचें मत असें कीं त्या गाण्यानें त्यांच्यापाशीं गोडव्यापलीकडे कांहीं मागितलेंच नाहीं. प्रेक्षकांस तीच मुलगी हवी होती, थोडी उंच झालेली. २०२१ मध्यें तीं पांचही जणें त्याच कार्यक्रमांत लहान मुलांची परीक्षा घेण्यास बसलीं, तेव्हांही लोक पाहत होते तीं जुनीं मुलेंच.

मग २०२२ चा ‘चंद्रमुखी’. अजय-अतुल यांनीं ‘बाई गं’ ही लावणी त्यांच्याकडून गाऊन घेतली. पडद्यावर अमृता खानविलकर. लावणी म्हटली कीं ठसक्याचा मोह होतो; येथें चाल संथ, आणि ठसक्याऐवजीं व्यथा आहे. शब्द उच्चारल्यावर स्वर तेथेंच किंचित् जड होऊन थांबतो, हरकत येते ती दुःखाच्या ओघांत येते, आणि गायिका दाद मिळविण्यासाठीं कोठेंही घाई करीत नाहीं. समोर गिरवावयास आधीचा कित्ता नव्हता. प्रथम ऐकिलें तेव्हां आमच्या घरांतील एका वृद्धांनीं विचारिलें, ‘कोण हो या बाई?’ ‘आपली आर्या’ असें सांगितलें, तर त्यांस खरेंच वाटेना. चौदा वर्षांत आमच्या घरीं त्यांचा उल्लेख ‘या’ म्हणून झाला तो तेव्हां प्रथम.

पुढल्याच वर्षीं ‘सरला एक कोटी’ मध्यें अजय गोगावले यांच्यासमवेत गाइलेलें ‘केवड्याचं पान तू’ गाजलें. तेंही गोड आहे. आम्हांस मात्र आतां त्यांच्याकडून जयपूरच्या तालमीचा एखादा ख्याल सावकाश ऐकावयाचा आहे. दत्तजयंतीस त्या अंबडला आल्या, तर तीर्थपुरीहून आम्ही पायीं निघूं.