आपत्काळ आणि आशा : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे स्वरूप

(१)

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्राचा गौरव मराठी समीक्षेने प्रामुख्याने तीन गुणांसाठी केला आहे : निवेदनातील प्रांजळपणा, घरगुती बोलीचा सहज डौल आणि प्रसन्न विनोद. हा गौरव यथार्थच आहे. परंतु तो करीत असता एक गोष्ट बहुधा बाजूस राहते. ही एका श्रद्धावान ख्रिस्ती स्त्रीची कृती आहे, आणि तीत वर्णिलेले आयुष्य बव्हंशी हालअपेष्टांचे आहे. विनोद हा तेवढा वाङ्मयीन गुण आणि श्रद्धा हा केवळ चरित्राचा तपशील, अशी वाटणी एकदा केली म्हणजे कृतीचा अर्धा अर्थ अभ्यासाबाहेर पडतो. वस्तुतः ‘स्मृतिचित्रे’त ह्या दोहोंची फारकत करता येत नाही. संकटात आशा टिकवून धरण्याची लक्ष्मीबाईंची जी रीत, तीच त्यांच्या निवेदनाचीही रीत झाली आहे. ह्या विधानाची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

(२)

ख्रिस्ती आत्मनिवेदनाचा एक रूढ घाट आहे. त्यास ‘साक्ष’ असे म्हणतात. साक्ष देणारा आपल्या आयुष्याचे दोन भाग पाडतो : ख्रिस्त भेटण्यापूर्वीचा आणि त्यानंतरचा. पूर्वभागातील दुःखे शोधाची, तळमळीची खूण म्हणून येतात. उत्तरभागातील दुःखे परमेश्वराच्या पुरवठ्याची प्रचीती म्हणून येतात. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेली साक्ष हे ह्या घाटाचे ठळक उदाहरण होय. दुष्काळात आईबापांचा अंत, मागाहून भाऊ आणि पती ह्यांचा वियोग, १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतलेला बाप्तिस्मा, पुढे केडगावच्या मुक्तिसदनाचा प्रचंड व्याप, हा सारा तपशील तेथे एका निष्कर्षाकडे वळविलेला आहे. रमाबाईंच्या लेखनाचे बळ ह्या एकाग्रतेत आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

‘स्मृतिचित्रे’चा घाट मात्र ह्याहून निराळा आहे. धर्मांतर ही तेथे कथेची परिणती नसून कथेच्या मध्यावर येणारी घटना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या क्षणी लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आला तो प्रकाश नव्हे, तर आघात. पती जिवंत असूनही वियोग, आप्तांच्या आश्रयाने काढलेले दिवस आणि लोकांच्या जिभेवर चढलेली आपली कथा, असा तो काळ होता. ह्या वियोगाच्या वर्षांतच त्या कविता करू लागल्या. मागाहून त्या पतीकडे परतल्या. पण आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल घेऊनच परतल्या. प्रथम त्यांच्या मनातून जातिभेद गळला, तोही कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. जाती देवाने केल्या नसाव्यात, माणसाने केल्या असाव्यात, ह्या निर्णयावर त्या आल्या. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी श्रद्धा ही अंतर्ज्ञानाच्या एका झटक्यात आलेली नाही. स्वयंपाकघर, पाण्याची घागर, शिवाशिव, मुलाची ओढ अशा पायऱ्यांनी ती आली. ज्या वाटेने ती आली त्याच वाटेवर ती पुढेही राहिली, आणि म्हणून तिची भाषा घरगुतीच राहिली.

(३)

बाप्तिस्म्यानंतर आयुष्य सुकर झाले, असे ह्या आत्मचरित्रात कोठेही सुचविलेले नाही. दुष्काळ आणि प्लेग ह्यांनी त्या काळचा महाराष्ट्र ग्रासला होता. टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे. जो येई तो दुसऱ्याची गरज पाहून निघून जाई. पोरक्या, निराधार माणसांचा भार संसारावर पडे. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. म्हणजे उतारवयात पुन्हा अनिश्चितता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. पुढे पुत्र देवदत्त ह्यांच्याबरोबर लक्ष्मीबाईंना कराचीपर्यंत जावे लागले.

इतक्या आपत्तींच्या कथनात ईश्वराविषयी तक्रार नाही, हे अपेक्षितच म्हणता येईल. विशेष हे की, ईश्वराच्या योजनेचे समर्थनही नाही. अमुक दुःख अमुक हेतूने आले असा खुलासा लक्ष्मीबाई सहसा करीत नाहीत. जिव्हारी लागलेले प्रसंग त्या थोडक्यात सांगतात आणि पुढच्या दिवसाच्या कामाकडे वळतात. दुःखाचा अर्थ लावण्याची घाई नसणे हे श्रद्धेच्या दुबळेपणाचे लक्षण मानले जाण्याचा संभव आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’पुरते तरी ते तिच्या मुरलेपणाचे लक्षण आहे. अर्थ हाती नसतानाही जी चालत राहते, तिलाच आशा म्हणावयाचे.

(४)

येथे विनोदाचा विचार अपरिहार्य होतो. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा क्षणात भडकून क्षणात निवणारा स्वभाव, आणि सर्वांत अधिक स्वतःचा वेंधळेपणा, हे लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे विषय. ह्या विनोदाची एक मर्यादा त्यांनी कटाक्षाने पाळली आहे : तो कोणालाही खलपुरुष करीत नाही. सोवळ्यापायी घरातील माणसांना छळणारा बाप आणि न सांगता घरातून निघून जाणारा पती, ह्या दोघांनी त्यांना अतोनात सोसावयास लावले. दुसऱ्या एखाद्या लेखणीखाली ही दोन आरोपपत्रे झाली असती. लक्ष्मीबाई त्यांतील विपरीतपणा लपवीत नाहीत, आणि तरीही त्या माणसांविषयी शेवटचा शब्द उच्चारीत नाहीत.

शिवाय हा विनोद जुने घर आणि नवे घर असा भेद मानीत नाही. साक्षीच्या घाटात पूर्वाश्रम काळा रंगविण्याचा मोह असतो. ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याच्या घरातील हास्यास्पदता जितक्या मोकळेपणाने येते, तितक्याच मोकळेपणाने ख्रिस्ती संसारातीलही येते. माणसाविषयीचा हिशेब मिटवून न टाकण्याची ही वृत्ती ख्रिस्ती क्षमाभावाशी सरळ नाते सांगते. तिचे नाव लक्ष्मीबाई घेत नाहीत, एवढेच.

(५)

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या मृत्यूनंतर, उतारवयात लिहिली गेली; १९३४ पासून तिचे भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जी प्रसन्नता दिसते ती श्रद्धेची नसून कालांतराने बोथटलेल्या स्मृतीची असेल. आक्षेप वजनदार आहे, कारण वियोगाच्या वर्षांत लक्ष्मीबाई हसत होत्या, असे कोणी म्हणणार नाही. त्या स्वतःही म्हणत नाहीत. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने जो क्रम लावला आहे, त्यात क्लेशापासून धीर, धीरापासून कसोटीस उतरलेले शील आणि शेवटी आशा येते. ख्रिस्ती विचारात आशा ही क्लेशाची सोबतीण असण्यापेक्षा त्याचे उशिरा आलेले फळ आहे. तेव्हा मागे वळून पाहणाऱ्या लेखणीतच ती प्रकट व्हावी, ह्यात विसंगती नाही.

दुसरा पुरावा आत्मचरित्राबाहेरचा आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे थोड्या अध्यायांवर अपुरे राहिले होते. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर पतीने करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचा पुढील फार मोठा भाग रचून ते पुरे केले. १९३८ साली, त्यांच्या निधनानंतर, ते प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून ते सर्वत्र एकाच उंचीवर राहते असे नाही. तथापि निराश मनुष्य दुसऱ्याचे अपुरे काम इतक्या दीर्घ चिकाटीने पुरे करीत नाही, आणि ही चिकाटी आठवणींतील रंगापेक्षा अधिक भरवशाची साक्ष आहे.

(६)

ह्या विवेचनास एक मर्यादा आहे. प्रार्थनेतील अंतरंगाचे सूक्ष्म चित्रण शोधणाऱ्या अभ्यासकाची ‘स्मृतिचित्रे’ निराशा करील. त्यासाठी टिळकांच्या ‘अभंगांजली’कडे आणि रमाबाईंच्या साक्षीकडेच वळावे लागेल. लक्ष्मीबाईंचे योगदान निराळे आहे. संकटातील श्रद्धा ही घोषणेवाचूनही शब्दांत उतरू शकते, हे त्यांनी दाखविले. मराठी ख्रिस्ती वाङ्मय अभ्यासक्रमात बहुधा स्वतंत्र कप्प्यात ठेवले जाते, आणि ‘स्मृतिचित्रे’ मात्र विनोदाच्या बळावर त्या कप्प्यातून बाहेर काढली जाते. तिला बाहेर काढताना तिची श्रद्धा मागे ठेवली जाऊ नये, एवढी दक्षता अभ्यासकांनी घेणे अगत्याचे आहे.