‘उचल्या’ : संशयाची नोंद

आत्मचरित्र बहुधा कृतार्थतेतून जन्मास येते. लौकिक संपादन केलेला मनुष्य उतारवयात मागे वळून पाहतो आणि लिहितो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या कुळीचे नव्हे. ते ऐन तारुण्यात लिहिले गेले. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. परंतु पुरस्काराने ग्रंथाचा सत्कार होतो, वाचन होतेच असे नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. मग त्या जमातीतल्या माणसांची नावे सरकारी दप्तरात चढत, त्यांच्यामागे हजेरी लागे आणि परवान्यावाचून त्यांना हद्द ओलांडता येत नसे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तरीही लातूरजवळच्या धनेगावी या लेखकाच्या घरी पोलीस झडतीला येतच राहिले. कायदा गेला, पण नोंद राहिली. या ग्रंथाचा खरा विषय ही नोंद होय.

ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या निःसंकोच सत्यकथनात आहे. आपल्या माणसांचे हातचलाखीचे कसब लेखक लपवीत नाही, आणि त्याबद्दल दयेची याचनाही करीत नाही. म्हणूनच त्याचा मुख्य आरोप अधिक झोंबतो. आपले लोक निर्दोष आहेत, असे तो म्हणत नाही. चोरी सोडू पाहणाऱ्यालाही संशयातून सुटण्याची वाट नाही, असे त्याचे म्हणणे आहे. पाटी-पुस्तक हाती घेतलेला मुलगा बाहेरच्यांच्या दृष्टीने उचल्याच राहतो आणि जातभाईंना परका होतो. हा दुहेरी कोंडमारा मराठी आत्मकथनात इतक्या उघडपणे क्वचितच आला असेल.

उणीव सांगावयाची तर उत्तरार्धाची. सूतगिरणी, संघटना, मोर्चे यांचे वर्णन येताच अनुभवाची घनता ओसरते आणि लेखणी अहवालाच्या वाटेने जाते. परंतु प्रारंभीच्या झडत्यांचे कथन या उणिवेला पुरून उरते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. वाटसरूंना अडवून अंगझडती घेण्याची न्यूयॉर्क पोलिसांची पद्धत कृष्णवर्णीयांवर अन्याय करणारी म्हणून तेथील न्यायालयाने २०१३ साली घटनाबाह्य ठरविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगातील जातिभेदाचे नियम रद्द करताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटल्यावरही तसे बजावणे भाग पडले!

आपण रायपूरकर मराठी मंडळी बहुतेक दप्तरातलीच माणसे. एकदा चढलेली नोंद खोडणे किती दुरापास्त, हे आपणास कोणी शिकवावयास नको. ती नोंद ज्याच्या नावावर पडते त्याच्या घरात तिचे काय होते, हे मात्र ‘उचल्या’ वाचूनच कळते. प्रत्येक कारकुनाने आणि अधिकाऱ्याने हा ग्रंथ एकदा अवश्य वाचावा.