पुलावरून दिसणारी नदी

आजचा विषय म्हणजे पुण्यातल्या नद्या, ओढे, नाले आणि कालवे यांच्यावर विद्यार्थ्यांनी केलेला छायाचित्रांचा प्रकल्प. नऊ जणांनी एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत काम केलं आणि साठेक छायाचित्रं भिंतीवर लावली. आम्ही तिघांनी ती दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा मुलांना बरोबर घेऊन. विद्यार्थ्यांचं काम म्हटलं की पाठ थोपटायची आणि चहा पिऊन निघायचं, ही आपल्याकडची रीत. मुलांनी वर्षभर पाय झिजवलेत, तेव्हा बोलायचं तर नीट बोलू.

पहिली गोष्ट भिंतीकडे पाहताच लक्षात येते. निम्मी तरी छायाचित्रं पुलांवरून काढलेली आहेत. लकडी पूल, झेड ब्रिज, संगम पूल, बंडगार्डन. पुलावर उभं राहणं सोयीचं असतं. बूट चिखलात जात नाहीत, वास जरा कमी येतो, संध्याकाळचं ऊन बरोबर मिळतं. पण पुलावरून नदी दोनच रूपांत दिसते, एक तर सुंदर नाही तर घाण. मग जलपर्णीचा हिरवागार गालिचा येतो, त्यावर बगळा येतो, प्लास्टिकच्या पिशव्या येतात, विसर्जनानंतरची मूर्ती येते. एका छायाचित्रात शटर बराच वेळ उघडं ठेवून पाणी रेशमासारखं मऊ करून टाकलंय. दिसतं छान. पण ते पाणी नेमकं कुठलं आहे, हे काढणाऱ्याने विचारलं असतं तर त्याने ते रेशीम केलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

कारण मुठेची गंमत अशी आहे की पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रात नदीचं स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच. टेमघर, पानशेत, वरसगाव यांचं पाणी खडकवासल्यात येतं. तिथून ते शहराच्या नळांत जातं आणि उजव्या कालव्याने हडपसरवरून दौंड-इंदापूरकडच्या शेतांना जातं. पात्रात उरतं ते आपल्या मोऱ्यांमधून आलेलं. म्हणजे नदी बघायची तर ती आपल्या घरातल्या नळाखाली बघावी लागेल, नाहीतर कालव्याच्या कडेला. या साठ छायाचित्रांत घरातला नळ एकही नाही. कालवा फक्त दोनदा आलाय, तोही सूर्यास्तासकट! २०१८ च्या सप्टेंबरमध्ये याच कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं. तेव्हा नदीला पूर नव्हता. पाणी या शहरात कुठून कुठे जातं, हे ज्याला माहीत आहे तो त्या कालव्याकडे वेगळ्या नजरेने कॅमेरा धरेल.

दुसरी तक्रार तारखांची. भिडे पुलाची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी लावली आहेत. एकात पुलावर दुचाकींची गर्दी, दुसऱ्यात पूल पाण्याखाली. जोडी चांगली आहे, आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. पण खाली लिहिलंय काय, तर ‘काल’ आणि ‘आज’. अरे, कुठला काल? धरणातून विसर्ग वाढवला की हा पूल बुडतो, हे पुण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. तारीख, वेळ आणि त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, एवढं लिहिलं असतं तर तीच जोडी कागदपत्रासारखी वजनदार झाली असती. कवितेसारख्या ओळी छायाचित्रांखाली लिहायचा मोह फार जुना आहे. तो सोडायला हवा.

आता जे आवडलं त्याबद्दल. मागच्या खोलीत, जिथे उजेडही धड नव्हता, तिथे सात-आठ छायाचित्रांत पाणी दिसतच नाही. तीच या प्रकल्पातली सगळ्यात चांगली. एकात कात्रजच्या पेशवेकालीन नळाचा उच्छ्वास आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी या बांधीव नळाने येत असे. नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत हे दगडी बुरूज बांधले. छायाचित्रातल्या बुरुजाला स्कूटर टेकवलेल्या आहेत आणि वर एका क्लासची जाहिरात चिकटवलीय. काढणाऱ्या मुलीने जाहिरात टाळली नाही, हे फार बरं केलं. दुसऱ्यात नागझरी आहे, म्हणजे घरांच्या पाठी आणि त्यांच्यामधली एक काळी फट. बस्स.

आणि तिसरं स्वयंपाकघराचं. भिंतीवर ओलीच्या दोन रेघा आहेत, एक गुडघ्याएवढी, एक छातीएवढी. भांड्यांची मांडणी वरच्या रेघेच्या वर नव्याने ठोकलेली दिसते, जुन्या खिळ्यांची भोकं खाली तशीच आहेत. घर आंबिल ओढ्याच्या काठचं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिथे काय झालं ते इथे बसलेल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. छायाचित्रात माणूस नाही, रडणं नाही. पण त्या घरातल्या बाईने पुढच्या पुराचा हिशोब केलाय, तो भिंतीवर वाचता येतो. जलसंपदा विभाग नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतो, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे ती रेषा मांडणीच्या खिळ्याने आखली आहे.

हे सगळं ठीक. पण ज्याच्यासाठी आम्ही आज मुद्दाम बोलायला उभे आहोत ते छायाचित्र पुढच्या खोलीत, दाराशीच आहे. ड्रोनने काढलेलं. ओढ्याच्या कडेला दाटीने पत्र्याची छपरं, मधून काळं पाणी. खाली एकच शब्द: ‘अतिक्रमण’.

तो शब्द कोणाचा आहे? हा ओढा पेशवाईतच माणसांनी उचलून पर्वतीच्या बाजूने वळवलेला आहे. त्यानंतर वरच्या अंगाला, कात्रजपासून खाली, भराव पडले, भिंती उठल्या, रस्ते झाले. त्याच भिंतीवर दोन फुटांवर नदीपात्रातल्या रस्त्याचं आणि मेट्रोच्या खांबांचं छायाचित्र आहे. त्याखाली लिहिलंय ‘बदलतं शहर’. म्हणजे पात्रात पत्रा आला तर अतिक्रमण आणि सिमेंट आलं तर बदल! मुलांच्या मनात असं काही नव्हतं, हे आम्हाला त्यांच्याशी बोलून कळलं. पण भिंतीवर मन लागत नाही, छायाचित्र लागतं. २०२१ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, आंबिल ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली आणि कोर्टाने ते थांबवलं. अशा वेळी वरून काढलेलं, त्या शब्दाचं शीर्षक असलेलं छायाचित्र कोणाच्याही फाइलीत जाऊन बसू शकतं. कणव वाटून काढलंय की कसं, हे फाइल विचारत नाही.

आणखी एक. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, तेही प्रकल्पात आहे. तिथे बुडालेल्या गाड्या आहेत, गेटवरच्या पाट्या आहेत, एकही चेहरा नाही. वस्तीत मात्र अकरा चेहरे, त्यातली सात मुलं. विचारल्यावर उत्तर मिळालं की सोसायटीत वॉचमनने अडवलं, सेक्रेटरीची परवानगी लागते म्हणाले. वस्तीत कोणी अडवलं नाही. आता हा काही या नऊ जणांचाच दोष नव्हे, आपल्याकडच्या छायाचित्रणात हे मुरलेलंच आहे. पण ज्याच्या दाराला वॉचमन नाही त्याला विचारायला नको, असं कुठे आहे?

रवी अगरवाल यांनी दिल्लीत यमुनेवर बरीच वर्षं काम केलं. त्यांनी काठावर झेंडू पिकवणाऱ्यांची शेती पाहिली. घाणीचं पाणी तिथेही आहे, पण तिथली माणसं नदीवर काम करणारी, तिच्यावर पोट असणारी म्हणून दिसतात. या मुलांनी ते जरूर पाहावं. मुठेकाठीही गवत कापणारे आहेत, म्हशी धुणारे आहेत, पुलाखाली दुपारची झोप काढणारे आहेत.

‘अतिक्रमण’ हा शब्द मुलांनी आता उतरवलाय. छायाचित्र ठेवायचं की नाही यावर त्यांच्यात एकमत नाही. प्रदर्शन दांडेकर पुलाजवळ, त्याच लोकांमध्ये न्यायचं असं चाललंय, म्हणून प्रश्न तातडीचा झालाय. आमचं म्हणणं असं की न्या, पण लावण्याआधी तिथल्या लोकांना दाखवा आणि त्यांनी नको म्हटलं तर गुंडाळून ठेवा. स्वयंपाकघराचं छायाचित्र मात्र पुढच्या खोलीत आणा, आणि त्या बाईंना विचारून दोन्ही रेघांच्या तारखा खाली लिहा. आता तुमचे प्रश्न घेऊ. माइक मागे द्या जरा.